अवजड मालाची वाहतूक पहिल्या पानावर आणा : ऑनलाइन बाजारपेठा चालवणाऱ्यांना खुले पत्र

ऑनलाइन बाजारपेठा चालवणाऱ्या सर्व कंपन्यांच्या व्यवस्थापनास,

सप्रेम नमस्कार.

मी वापरलेले फर्निचर आणि घरगुती यंत्रे ऑनलाइन विकते. कपाटे, सोफे, वॉशिंग मशीन, व्यायामाची यंत्रे, अधूनमधून सुतारकामाची ओतीव लोखंडाची जुनी यंत्रे. एकट्या माणसाला उचलता येणार नाही असाच बहुतेक माल. पत्र लिहिण्याचे कारण एकच आहे. तुमच्याकडे वस्तू विक्रीला लावताना फोटो, वर्णन, रंग, ब्रँड, किंमत हे सगळे आधी विचारले जाते आणि ती वस्तू जाणार कशी हा प्रश्न सगळ्यात शेवटी, एका लहानशा चौकटीत येतो. पुस्तक किंवा शर्ट विकणाऱ्याचे त्याने काही अडत नाही. दोघांनी मिळून उचलायच्या वस्तूचा सौदा मात्र त्या चौकटीतच तरतो किंवा बुडतो. ती चौकट पहिल्या पानावर आणा आणि तिच्यात नेमके प्रश्न विचारा, एवढीच मागणी आहे. ती का, ते सविस्तर सांगते.

आधी वजनाचे घ्या. कुरिअर कंपन्या नुसते काट्यावरचे वजन धरत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचे. येईल ते घनफळावरचे वजन. काट्यावरचे आणि घनफळावरचे यांत जे जास्त भरेल त्यावर भाडे. भाजक कुठे ५००० असतो, कुठे ६०००, पण रीत तीच. आता एक तीन जणांचा सोफा घ्या : २०० सेंमी लांब, ९० रुंद, ८५ उंच. काट्यावर तो साधारण ४५ किलो भरला असे धरू. घनफळावरचे वजन येते ३०६ किलो. आता त्याला सगळ्या बाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर फोम आणि पुठ्ठा लावा. मापे होतात २१०, १०० आणि ९५, आणि भाड्याचे वजन जाते ३९९ किलोवर. नुसत्या पॅकिंगने ९३ किलो वाढले, आणि पॅकिंग टाळता तर येत नाही.

ही पद्धत अन्यायाची आहे असे मी म्हणत नाही. सोफ्याने गाडीतली जागा अडवली की ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही, तिचे पैसे लागणारच. पण हा हिशेब तुमच्या संगणकाला एका क्षणात करता येतो, तरी विक्रेत्याला तो कळतो माल विकला गेल्यावर, फरकाचे बिल हातात पडल्यावर. तुम्ही फक्त 'वजन' विचारता. नवा विक्रेता प्रामाणिकपणे ४५ लिहितो, त्यावर तुमचे पान त्याला भाड्याचा अंदाज दाखवते, त्या अंदाजावर तो किंमत ठेवतो. माल निघतो, गोदामातले यंत्र मापे घेते आणि सगळा नफा त्या फरकात वाहून जातो. मापे विचारायचीच तर पॅक केल्यानंतरची विचारा, आणि विक्रेत्याने आकडे भरले की भाड्याचे वजन त्याच जागी दाखवा, किंमत ठरवायच्या आधी.

दुसरी गोष्ट मर्यादांची. पार्सल म्हणून काय जाते आणि अवजड माल म्हणून काय जाते, यांत स्पष्ट सीमा आहेत. अमेरिकेतल्या दोन मोठ्या पार्सल कंपन्या, यूपीएस आणि फेडेक्स, त्यांच्या नेहमीच्या पार्सल सेवेत १५० पौंडांपर्यंत, म्हणजे ६८ किलोपर्यंतचे पार्सल घेतात. लांबी जास्तीत जास्त १०८ इंच, आणि लांबी व घेर मिळून १६५ इंच. याच्या पलीकडचा माल पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या सपाट बैठकीवर चढतो, फोर्कलिफ्टने हलतो, वेगळ्या गाडीने जातो, त्याची कागदपत्रे वेगळी आणि पोचवण्याचे नियमही वेगळे. दोन्ही कामे वेगवेगळी माणसे वेगवेगळ्या साधनांनी करतात. तुमच्या पानावर मात्र दोन्हींसाठी तोच फॉर्म, तीच सेवा आधीपासून निवडलेली. पंचाहत्तर किलोचे यंत्र पार्सल म्हणून बुक होते, उचलायला आलेला माणूस ते बघून परत जातो, आणि पाठवायला उशीर झाला म्हणून तुमच्याकडे विक्रेत्याचे मानांकन घसरते. विक्रेत्याने वजन बरोबर लिहिलेले असते. तुमच्या फॉर्मने ते वाचलेले नसते.

पॅलेटचेही तसेच. युरोपात प्रचलित पॅलेट १२०० बाय ८०० मिलिमीटरचे, उत्तर अमेरिकेत ४८ बाय ४० इंचांचे. वस्तू पॅलेटच्या कडेबाहेर आली की शेजारच्या मालाचा पहिला धक्का तिलाच बसतो. माल दुसऱ्या देशात जाणार असेल तर बहुतेक ठिकाणी त्याखालचे कच्चे लाकूडही आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे प्रक्रिया केलेले लागते. उष्णतेची नेहमीची पद्धत वापरली तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवावे लागते आणि तसा शिक्का पॅलेटवर उठवावा लागतो. शिक्का नसेल तर माल बंदरावर अडू शकतो. 'परदेशात पाठवणार का?' या प्रश्नापुढे 'हो'वर टिचकी मारणाऱ्या किती विक्रेत्यांना तुमच्या पानाने हे सांगितले आहे?

आता ज्याच्यामुळे हे पत्र लिहायला बसले ते.

गाडी दारात येते. चालकाच्या फोनवर पत्ता असतो, नाव असते आणि 'नग १' असे लिहिलेले असते. तो नग म्हणजे ७० किलोचे वॉशिंग मशीन आहे, तिसऱ्या मजल्यावर न्यायचे आहे आणि लिफ्ट नाही, हे त्याला गाडीचे मागचे दार उघडल्यावर कळते. सोबत दुसरा माणूस दिलेला नसतो. खांद्यावर घ्यायचा पट्टा नसतो, जिन्याची ट्रॉली नसते. पुढच्या डिलिव्हरीची वेळ फोनवर चमकत असते. ग्राहकाने डिलिव्हरीचे पैसे भरलेले असतात, त्यामुळे वस्तू घरात आणून मिळणार असे तो गृहीत धरून असतो. मग दोघे जिन्याच्या पायथ्याशी उभे राहतात आणि एकमेकांवर चिडतात. चूक दोघांपैकी एकाचीही नसते.

अमेरिकेतल्या निओश या कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात माणसाने हाताने उचलण्याच्या वजनाची शिफारस केलेली कमाल मर्यादा २३ किलो आहे. तीही सगळे अनुकूल असेल तेव्हा : वस्तू अंगाजवळ, पकड चांगली, कंबर न वळवता, कधीतरीच उचलायची. जिन्यावर यातले एकही लागू होत नाही. पायरी दिसत नाही, पकडायला कडा नसते, वळणावर सगळे ओझे खालच्या माणसावर येते. मणका दुखावलेली माणसे मी या व्यवसायात पाहिली आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना ओझे उचलण्याआधी त्याचे वजन कुणी सांगितलेच नव्हते. विक्रेत्याने लिहिलेला आकडा तुमच्या यादीत कुठेतरी असतो, फक्त तो उचलणाऱ्याच्या फोनपर्यंत पोचत नाही. वजनाचा आकडा, किती माणसे लागतील, कोणता मजला, लिफ्ट आहे का, या चार गोष्टी त्या फोनवर गाडी निघण्याआधी दिसल्या पाहिजेत. तुमच्या यंत्रणेत हे बसवणे अवघड नाही आणि याहून निकडीचे दुसरे काही या पत्रात नाही.

'डिलिव्हरी' कुठवर, हेही त्याच पहिल्या पानावर ठरावे. रस्त्याच्या कडेला उतरवणे, इमारतीच्या दारापर्यंत, घराच्या उंबऱ्यापर्यंत, हव्या त्या खोलीत, आणि खोलीत ठेवून जोडून देणे व पॅकिंगचा कचरा घेऊन जाणे, या पाच वेगळ्या सेवा आहेत आणि पाचांचे भाडे वेगळे असते. ग्राहकाला यातली कोणती मिळणार ते किमतीच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत दिसू द्या. ग्राहकालाही पैसे भरण्याआधी विचारा : दाराची रुंदी किती, जिन्याला वळण आहे का, लिफ्टचा दरवाजा किती रुंद? ९० सेंटिमीटर रुंदीचा सोफा ७५ सेंटिमीटरच्या दारातून आडवा जात नाही. तो उभा करून किंवा तिरका करून नेता येईल का, हे पाठीची उंची आणि दारासमोरची मोकळी जागा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. ही मोजणी टेप घेऊन पाच मिनिटांची आहे. ती न केल्यामुळे तोच सोफा आला त्याच वाटेने परत जातो, दोन्ही वेळचे भाडे कुणाच्या तरी डोक्यावर बसते, आणि परतीच्या चढाई-उतराईत एखादा पाय निखळलेला असतो.

नुकसानीबद्दल मला थोडे जास्त लिहायचे आहे, कारण सगळ्यात कडवट भांडणे तिथे होतात आणि त्यातली पुष्कळ टाळता येण्यासारखी असतात.

पुढून कपडे घालायच्या वॉशिंग मशीनचा ड्रम आत स्प्रिंगवर टांगलेला असतो, खालून त्याला धक्का शोषणारे दांडे असतात, आणि कपडे पिळताना यंत्र थरथरून सरकू नये म्हणून ड्रमभोवतीच्या टाकीला काँक्रीटचे किंवा लोखंडाचे जड ठोकळे बसवलेले असतात. वाहतुकीत हा सगळा भार हेलकावू नये यासाठी कारखान्यातून येताना मागच्या बाजूने लांब बोल्ट पिळलेले असतात. यंत्र बसवताना ते काढायचे आणि भोकांना प्लॅस्टिकची बुचे लावायची. पुढे कधी यंत्र हलवायचे झाले तर तेच बोल्ट पुन्हा बसवायचे, हे माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. पण ते बोल्ट कोण जपून ठेवतो? जुने यंत्र विकायला काढणाऱ्याकडे ते बहुधा नसतात, त्या मॉडेलचे नवे मिळू शकतात हे त्याला माहीत नसते, आणि तुमचा फॉर्म त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. यंत्र तसेच निघते. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला ड्रम आतून पत्र्यावर आदळतो, स्प्रिंग निसटते, दांडा तुटतो. बाहेरून एक ओरखडा नसतो. ग्राहक पहिल्यांदा कपडे पिळायला लावतो आणि घर हादरते. तो म्हणतो, बिघडलेले यंत्र विकले. विक्रेता म्हणतो, माझ्याकडे कालपर्यंत चालू होते. वाहतूकदार म्हणतो, खोका शाबूत आहे. तिघेही खरे बोलत असतात. तुमचा तक्रार विभाग मग फोटो मागवतो, आणि फोटोत दाखवण्यासारखे काहीच नसते.

वॉशिंग मशीन विक्रीला लावताना 'वाहतुकीचे बोल्ट आहेत का?' हा एक प्रश्न आला असता तर हे सगळे वाचले असते. प्रत्येक प्रकारच्या वस्तूला असा एखादा प्रश्न आहे. फ्रिज उभाच जाणार का? आडवा गेला तर कंप्रेसरमधले तेल नळ्यांत उतरते आणि सुरू करण्याआधी तो काही तास उभा ठेवावा लागतो. काचेचा किंवा संगमरवराचा टेबलटॉप वेगळा काढून कडेवर उभा बांधला आहे का? आडवा ठेवला तर स्वतःच्याच वजनाने वाकून तडकू शकतो. ओतीव लोखंडाच्या यंत्राचे हँडल आणि बाहेर आलेले भाग उतरवले आहेत का? ते लोखंड दिसायला दणकट, पण पडले की वाकत नाही, तुटते. हे ज्ञान गुपित नाही. तुमच्याकडे नुकसानीच्या तक्रारींचा साठा आहे, त्यातूनच प्रश्न काढता येतील.

भरपाईचा हिशेबही एकदा उघडपणे मांडला पाहिजे. आंतरराष्ट्रीय रस्तेवाहतुकीचा १९५६ चा सीएमआर करार ज्या देशांना लागू आहे तिथे वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे दर किलोला ८.३३ एसडीआर इतकी मर्यादित आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. विमानाने आंतरराष्ट्रीय माल गेला तर माँट्रियल कराराखाली ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून दर किलोला २६ एसडीआर आहे. आता मघाचा सोफा पुन्हा घ्या. भाडे आकारले ३९९ किलोंचे. तो रस्त्यात मोडला तर भरपाईसाठी किलो मोजायचे ते काट्यावरचे. पॅकिंग धरून ५० किलो म्हणा. मर्यादा आली सुमारे ४१६ एसडीआर. भाडे घेताना घनफळ आणि भरपाई देताना वजन, असा हा व्यवहार आहे. कायदा बदलणे तुमच्या हातात नाही, हे मान्य. पण वस्तूची किंमत तुम्हाला माहीत असते, मर्यादाही माहीत असते. दोन्हींतला फरक विक्रेत्याला दाखवून त्या फरकाचा विमा त्याच पानावर देऊ करणे पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

मुदतींचेही असेच. सीएमआरमध्ये दिसणारे नुकसान माल ताब्यात घेतानाच नोंदवायचे असते आणि आतले, न दिसणारे नुकसान सात दिवसांत लेखी कळवायचे असते, रविवार आणि सुट्ट्या सोडून. माँट्रियल करारात मालासाठी १४ दिवस आहेत. ग्राहकाला हे कोण सांगते? चालक घाईत असतो, फोन पुढे करतो, ग्राहक बोटाने सही ओढतो आणि माल 'चांगल्या स्थितीत मिळाला' अशी नोंद होते. सहीच्या आधी त्याच पडद्यावर चार बाजूंचे चार फोटो घ्यायला लावा आणि शेरा लिहायला जागा द्या. 'तपासून घेण्याच्या अटीवर' असा मोघम शेरा फारसा टिकत नाही. 'मागचा डावा कोपरा आत गेला आहे, पुठ्ठा फाटून लाकूड दिसते' असा शेरा टिकतो. तसा नमुना समोर दिसला तर माणसे तसे लिहितात.

परतीबद्दल थोडक्यात. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशात एक चांगली तरतूद आहे. दूरस्थ खरेदीत ग्राहक १४ दिवसांत मन बदलू शकतो आणि परतीचा खर्च त्याच्यावर टाकता येतो; पण वस्तू नेहमीच्या टपालाने परत जाण्यासारखी नसेल तर त्या परतीला किती खर्च येईल ते विक्रेत्याने आधीच सांगितले पाहिजे. नाही सांगितले तर तो खर्च ग्राहकावर पडत नाही. मला हा नियम दोन्ही बाजूंना न्याय देणारा वाटतो. कायदा सक्ती करो वा ना करो, अवजड मालासाठी तो सगळीकडे पाळा. आज 'सोपी परत' असा शिक्का तुम्ही चार्जरच्या वायरीवरही लावता आणि चार दारांच्या कपाटावरही. कपाट परत करणे सोपे नसते. ते उघडून, सुटे करून, पुन्हा बांधून, दोन माणसांनी खाली आणावे लागते, आणि पहिले पॅकिंग तोवर फेकून दिलेले असते.

'मोफत डिलिव्हरी' देणाऱ्या विक्रेत्यांच्या वस्तू शोधात वर दाखवण्याची तुमची पद्धतही अवजड मालापुरती थांबवा. हलक्या पार्सलला जवळ-लांब याने भाड्यात थोडाच फरक पडतो, तो किमतीत मुरवता येतो. अवजड मालाचे भाडे अंतराप्रमाणे, मजल्याप्रमाणे बदलते. ते किमतीत मुरवायचे म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या ग्राहकाने दुसऱ्या टोकाच्या ग्राहकाचे भाडे भरायचे. जे विक्रेते भाडे खरे आणि वेगळे दाखवतात ते तुमच्या शोधात खाली ढकलले जातात.

त्याच्याच जोडीला, ग्राहकाने स्वतः येऊन माल घेऊन जाण्याचा पर्याय नीट उभा करा. जवळच्या जवळ अवजड वस्तू विकण्याचा हाच सगळ्यात स्वस्त आणि वस्तूसाठी सुरक्षित मार्ग आहे. पण ट्रॅकिंग क्रमांक नसला की वाद झाल्यावर विक्रेत्याकडे पुरावा उरत नाही, म्हणून बरेच जण तो पर्याय बंद ठेवतात. काही बाजारपेठांनी माल हातात पडल्यावर ग्राहकाने कोड द्यायचा अशी सोय केली आहे. ती सगळ्यांनी करा आणि त्या कोडला ट्रॅकिंग क्रमांकाइतकेच वजन द्या.

यावर तुमचे उत्तर मला अंदाजाने माहीत आहे : प्रश्न वाढवले की विक्रेते फॉर्म अर्धा सोडून जातात. हलक्या वस्तूंच्या बाबतीत हे खरे असेल, म्हणून त्यांचा फॉर्म आहे तसाच राहू द्या. पण जो विक्रेता आपल्या कपाटाची उंची मोजायला तयार नाही तो ते कपाट नीट पॅक करून पाठवेल, अशी आशा कशाच्या बळावर धरायची? आणि सगळे प्रश्न त्यालाच विचारण्याचीही गरज नाही. ब्रँड आणि मॉडेल तुम्ही विचारताच. उत्पादकाने दिलेली मापे आणि वजन तेवढ्यावरून आपोआप भरता येतील. विक्रेत्याने फक्त पॅकिंगनंतरचे आकडे दुरुस्त करायचे.

सगळे एकदम करा असे म्हणत नाही. वॉशिंग मशीन हा एकच प्रकार घ्या. त्याच्यासाठी नोंदणीचे नवे पान तयार करा : पॅकिंगनंतरची मापे, वजन, बोल्ट, मजला, लिफ्ट, किती माणसे, डिलिव्हरी कुठवर, परतीचा खर्च. तेच पान चालकाच्या फोनवर पोचू द्या. काही महिने चालवा आणि नुकसानीच्या व परतीच्या तक्रारी आधीच्या काळाशी ताडून पाहा. आकडे तुमच्याकडेच असतील, ते जाहीर करा. पान तयार झाले की आमच्यासारख्या विक्रेत्यांना आणि प्रत्यक्ष माल उचलणाऱ्या माणसांना आधी दाखवा. कोणता प्रश्न राहिला हे ती माणसे पहिल्या वाचनात सांगतील. मीही ते पान तपासून द्यायला तयार आहे आणि त्याबद्दल काही मागणार नाही.

आपली,
अवजड वस्तूंची एक ऑनलाइन विक्रेती